खाऱ्या हवेचं औषध आणि टायरची कड

पावसाळ्यात कोकणातल्या घरी मिठाची बरणी ओघळायला लागते, तेव्हा हवामानशास्त्र सांगत कुणी बसत नाही. बरणीत चार तांदळाचे दाणे टाकतात, झाकण घट्ट लावतात आणि कामाला लागतात. शास्त्र इतकंच की हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळू लागतं. तेच मीठ अंगणात उभ्या असलेल्या मोटरसायकलवरही बसलेलं असतं. समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर येऊन ते स्पोकवर, सायलेन्सरच्या वेल्डिंगवर, स्टँडच्या स्प्रिंगवर, बोल्टांच्या डोक्यांवर ठाण मांडतं आणि जून ते सप्टेंबर ते जवळपास सुकतच नाही. लोखंड, प्राणवायू आणि पाणी एवढ्यावरही गंज चढतो. पण खारट पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे तोच कारभार कितीतरी भराभर उरकतो. तमिळनाडूत कारैकुडीला केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था आहे. कुठल्या गावच्या हवेत धातू किती झिजतो हे दाखवणारा भारताचा गंज-नकाशा तिथल्या शास्त्रज्ञांनी केलेला आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला त्या नकाशाची गरज नाही. घरच्या खिडकीचे गज पाहिले तरी पुरतं.

म्हणून मे महिन्याच्या शेवटी गाडीला काहीतरी ‘मारून’ घ्यायची आपल्याकडे रीत आहे. वॉशिंग सेंटरमध्ये गाडी धुतल्यावर खालून डिझेलचा किंवा काळ्या ऑइलचा फवारा मारतात. शोरूममध्ये त्याच कामाला भारदस्त इंग्रजी नाव आणि वेगळं बिल असतं. आणि ज्यांना स्वतःची गाडी स्वतः हाताळायची खाज आहे, ते बाजारातून गंजरोधक स्प्रेचा डबा आणून अंगणात बसतात. मी या तिसऱ्या जातीतला.

चार वर्षांपूर्वी मी असाच गाडी मेन स्टँडवर घेऊन मागच्या चाकाचे स्पोक आणि स्विंगआर्म मनसोक्त फवारून काढले. वाऱ्याची दिशा पाहिली नाही. तासाभराने दूध आणायला निघालो, फाटकाबाहेर डावीकडे वळलो आणि मागचं चाक साबणाच्या वडीसारखं निसटलं. वेग पायी चालण्याइतकाच होता, म्हणून गुडघ्यावर भागलं. घसरण्यापेक्षा त्यानंतरचे सल्ले जास्त लक्षात राहिले. एक शेजारी म्हणाले, पेट्रोलने पुसा. दुसरे म्हणाले, पेट्रोल अजिबात नको, रॉकेल घ्या. गॅरेजमधला पोरगा म्हणाला, “काका, काय नाय होत, दोन दिवस चालवा, आपोआप जातं.” एकाने तर टायरच बदलायला सांगितला. तेव्हापासून हा प्रश्न मी जमेल तिथून गोळा करत आलो आहे, आणि माझं मत असं झालं आहे की या चारही सल्ल्यांत थोडं थोडं खरं आहे. चुकलेलं आहे ते प्रत्येकाचं प्रमाण.

आधी या डब्यांचं कूळ पाहू. त्यांच्यातले नामांकित दुचाकीसाठी जन्मलेच नव्हते. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला रॉकेट केमिकल नावाच्या छोट्या कंपनीत तयार झालं. ॲटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्यावर गंज धरू नये हा त्यामागचा हेतू. नावातली दोन अक्षरं ‘पाणी हटवणारं’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची, आणि चाळीस हा आकडा यशस्वी ठरलेल्या चाळिसाव्या प्रयत्नाचा. एसीएफ-५० हे कॅनडातलं, विमानांच्या सांगाड्यासाठी केलेलं. विमानांच्या हँगरमधून ते मोटरसायकलींपर्यंत पोचलं, आणि त्याची खरी चलती झाली ती ब्रिटनमध्ये. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ पसरतात. त्यातलं पुष्कळसं चेशायर परगण्यातल्या विन्सफर्डच्या खाणीतलं खडेमीठ असतं. हिवाळ्यातही गाडी चालवणारा तिथला माणूस नोव्हेंबर ते मार्च जे भोगतो, ते आपल्याकडे हर्णै-मालवणचा माणूस जून ते सप्टेंबर भोगतो. फरक दोनच. त्याचं मीठ खालून रस्त्यावरून उडतं, आपलं वरून वाऱ्याने येतं. आणि त्याच्याकडे थंडी असते म्हणून स्प्रेचा थर लावल्या जागी घट्ट राहतो. आपल्याकडे मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या रिमवर तेच द्रव पातळ होऊन वाट फुटेल तिकडे ओघळतं. परदेशी चालकांचे अनुभव वाचताना हा दुसरा फरक लक्षात ठेवावा लागतो.

या द्रवाचे गुण कोणते? पृष्ठताण कमी असल्यामुळे ते बोल्टाच्या आट्यांत स्वतःहून शिरतं. धातूवरचं पाणी ढकलून आपण त्याच्या जागी बसतं. लवकर वाळत नाही. ओरखडा पडला तर आजूबाजूने सरकून तो भरून काढतं. बोल्टावर हे सगळे गुण आहेत. टायरवर यातला एकेक गुण आपल्या जिवावर उठतो.

रबर रस्त्याला दोन प्रकारे धरतं. एक म्हणजे चिकटून: रबराचे रेणू खडीच्या पृष्ठभागाला अगदी जवळून भिडतात, तेवढ्यापुरते धरतात, सुटतात, पुन्हा धरतात. दुसरं म्हणजे दबून: खडीच्या उंचवट्यांवर रबर दबतं आणि मूळ आकारात सावकाश येतं, त्या सावकाशपणातून पकड निर्माण होते. पावसात पहिला प्रकार कमजोर पडतो, दुसरा बराचसा टिकतो, शिवाय पाणी पातळ असल्यामुळे टायरच्या खाचांतून बाहेर पिळून निघतं. तेल पाण्याच्या कित्येक पट दाट. ते इतक्या चटकन पिळून निघत नाही. रबर आणि दगड यांच्यामध्ये चादर अंथरल्यासारखं पडून राहतं. म्हणून महामार्गावर टँकर गळला की अग्निशमन दल येऊन पाण्याबरोबर मातीही टाकतं. चिपळूण-रत्नागिरीकडे मासळीच्या टेम्पोतून वळणावर सांडणाऱ्या पाण्यालाही दुचाकीवाले इतके घाबरतात ते उगाच नाही. त्या पाण्यात नुसतं पाणी नसतं.

आकड्यांत सांगायचं तर एक हिशेब करून पाहू. घाटातलं १५ मीटर त्रिज्येचं आवळ वळण घ्या, रस्ता सपाट धरा. कोरड्या डांबरावर पकडीचा गुणांक ०.८ धरला तर ते वळण जास्तीत जास्त ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास घेता येतं. गुणांक ०.३ वर आला की तीच मर्यादा २४ वर येते. आपण ते वळण रोज ३० ने घेतो. म्हणजे रोजच्या सवयीचा वेग मर्यादेच्या आतला होता, तो एका रात्रीत बाहेरचा झाला, आणि गाडीवर तसं कुठे लिहून येत नाही.

याच वळणात एक गोष्ट दडलेली आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मर्म तिथे आहे. ३० च्या वेगाने ते वळण घेताना गाडी साधारण २५ अंशांनी कलते. कललेली गाडी टायरच्या मधल्या पट्ट्यावर उभी नसते, ती बाजूच्या उतारावर असते. शहरात रोज सरळ चालवताना झिजतो तो मधला पट्टा. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते मधून आठवड्यात जातात. कडेला मात्र महिनोन्‌महिने तसेच राहतात. गॅरेजमधला पोरगा म्हणाला होता की दोन दिवसांत आपोआप जातं. मधल्या पट्ट्यावरून जातंच, तो खोटं बोलला नव्हता. कडेवरचं तसंच राहतं, आणि एखाद्या दिवशी कुत्रं आडवं येतं किंवा वळण अंदाजापेक्षा जास्त आवळ निघतं, तेव्हा आपण नेमके त्या कडेवर जातो.

आता दुसऱ्या टोकाचा सल्ला, टायरच बदला. त्यामागची भीती अशी की रबर तेल पितं आणि कायमचं निकामी होतं. रबर तेल पितं हे खरं. टायरमधलं नैसर्गिक आणि कृत्रिम रबर खनिज तेलात दीर्घकाळ राहिलं तर फुगतं, मऊ होतं, ताकद गमावतं. डिझेलच्या डबक्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर मीही वापरणार नाही. पण हे शोषण सावकाश होतं. फवाऱ्याचा पातळ थर काही तास किंवा एखाद-दुसरा दिवस राहिला म्हणून टायर मरत नाही. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते: टायरच्या मिश्रणात मुळातच तेल असतं. रबर मळताना ते मऊ राहावं म्हणून प्रक्रिया-तेल घालतात. युरोपात २०१० पासून त्या तेलांतल्या घातक घटकांवर मर्यादा घातली गेली, तोवर बाहेरच्या फारशा कुणाला त्याची खबर नव्हती. थोडक्यात, वर सांडलेल्या चार थेंबांनी टायर आतून नासत नाही. फुगवटा, भेगा, बोटाला लागणारा चिकट मऊपणा दिसला तर मात्र काटकसर करू नये.

याच रबरात मेणासारखा एक पदार्थ आणि ओझोनपासून वाचवणारी रसायनंही घातलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात. उन्हात ठेवलेल्या टायरवर जी तपकिरी झाक दिसते तिचं कारण बरंचसं तेच. ओझोन ताणलेल्या रबराला भेगा पाडतो, आणि हा थर त्याला अडवतो. टायर कशाने धुवायचा याचं उत्तर पुष्कळसं या थराच्या काळजीवर ठरतं, कारण जी रसायनं तेल झटक्यात काढतात तीच हे मेणही ओढून नेतात.

पेट्रोल तसंच. तेल उतरवतं, उडूनही जातं, पण रबर फुगवतं, मेण काढतं, आणि गरम सायलेन्सरशेजारी पेट्रोलचा बोळा घेऊन बसणं म्हणजे आगीला आमंत्रण. रॉकेलची गोष्ट जरा वेगळी आहे. चेन धुवायला मिस्त्री लोक ते वापरतात, तिथे ते चालतं. टायरवर ते जुनं तेल सोडवतं आणि स्वतःचा ओशट थर ठेवून जातं. एका तेलाच्या जागी दुसरं. डिझेलचं तर विचारूच नका. थिनरने रबराचा वरचा थर चिकट होतो, त्याबद्दल कोणातच दुमत नाही.

ब्रेक क्लीनरवर दुमत आहे, आणि ते समजण्यासारखं आहे. हा डबा तेल विरघळवतो आणि मागे काही न ठेवता उडून जातो, म्हणून बरेच मेकॅनिक डोळे मिटून तोच टायरवर मारतात. टायर कंपन्यांच्या सूचना मात्र सौम्य साबण आणि पाणी याच्यापुढे सहसा जात नाहीत आणि पेट्रोलियम द्रावकांपासून लांब राहायला सांगतात. मला यात कुणी चूक वाटत नाही. कपड्यावर थोडं घेऊन शेवटचा हट्टी डाग पुसला आणि लगेच साबणाने धुतलं, तर टायरचं काही बिघडत नाही. आख्खा डबा थेट टायरवर रिकामा केला, तर तेल पातळ होऊन खाचांच्या तळाशी जातं, रिमच्या कडेत शिरतं आणि तुम्ही समजता काम झालं. द्रावक तेल नाहीसं करत नाही, त्याला फक्त चालतं करतं. त्याला उचलून न्यायला कापड किंवा पाणी लागतंच.

आयसोप्रोपिल अल्कोहोल सौम्य आहे. दाट तेल त्याला फारसं ऐकत नाही, पण साबणानंतर उरलेली ओशट झाक उचलायला ते चांगलं. कोविडच्या काळातल्या सॅनिटायझरच्या बाटल्या घरोघरी उरल्या आहेत म्हणून त्या वापरायचा मोह होतो. तो आवरावा. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, ते टायरवर निसरडा थर ठेवतं.

घरगुती उपायांत राख आणि रिठा हे दोन मला फार विचारले जातात. आजी कढई राखेने घासायची, ती लख्ख व्हायची, मग टायर का नाही? कारण राखेतला क्षार शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलाचा साबण करतो. खनिज तेलाचा साबण होत नाही, त्याची जातच वेगळी. तिथे राख फक्त घासण्याच्या कामाची. रिठ्याचं तसं नाही. त्यातला फेसाळ घटक तेलाला पाण्यात धरून ठेवतो, त्यामुळे तो कुठल्याही तेलावर थोडाफार चालतो. पण भांडी घासायच्या लिक्विडपुढे त्याची ताकद कमी, आणि इथे परंपरेचा अभिमान बाळगण्यात अर्थ नाही. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, तो ॲल्युमिनियमच्या रिमला काळपट-पांढरे डाग पाडतो. गाडीचा वॅक्स शाम्पू तर उलट काम करतो, चकाकीचा थर चढवतो.

मुलतानी माती मात्र मनापासून सुचवेन. हिची ख्याती चेहऱ्यासाठी असली तरी तेल शोषणं हा हिचा जुना धंदा. लोकरीतली चरबी काढायला ती शतकानुशतकं वापरली गेली. टायरवर तेल ओलसर दिसत असेल तर कोरडी पूड भुरभुरून अर्धा तास ठेवावी आणि ब्रशने झाडून टाकावी. रांगोळी वापरून पाहिलेले एक गृहस्थ मला भेटले. टायर सुरेख दिसत होता.

तर क्रम माझ्या अनुभवात असा लागतो. पहिलं कापड कोरडं. हे सर्वांत जास्त चुकतं, कारण आपला पहिला हात पाण्याच्या पाइपकडे जातो. पाणी हटवणाऱ्या द्रवावर पाणी मारलं तर ते पाण्याखाली रबराला धरून बसतं. त्याचा जन्मच त्यासाठी. प्रेशर वॉशर तर तेच तेल डिस्कवर आणि बेअरिंगकडे पोचवतो. जुन्या सुती बनियनच्या चिंध्या घ्याव्यात, एक जागा एकदाच वापरावी, चिंधी उलटत जावं, डाग कमी होईपर्यंत नव्या घ्याव्यात. निम्म्याहून जास्त तेल इथेच निघतं. लागलीच तर मग मुलतानी माती. त्यानंतर भांड्याचं लिक्विड पाणी न मिसळता ओलसर नायलॉन ब्रशवर घ्यायचं, टायरच्या एका बाजूच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंत आडवं घासायचं, खाचांच्या रेषेत वेगळं घासायचं. ब्रश नसेल तर नारळाचं सोडण त्याच्याइतकंच चांगलं. दोन-तीन मिनिटं फेस तसाच राहू द्यायचा, कोमट पाण्याने धुवायचं, आणि हे सगळं पुन्हा करायचं. एकदा धुतलेल्या टायरवर माझा विश्वास नाही. कोरडा झाल्यावर अल्कोहोलचं कापड फिरवून ते कापड पाहायचं.

लॅनोलिनवाले, म्हणजे लोकरीच्या चरबीचे फवारे गरम पाणी आणि साबणाला लवकर शरण येतात. मेणासारखे घट्ट बसणारे थर आधी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे लागतात. सर्वांत त्रासदायक ते सिलिकॉन, आणि ते गंजरोधकापेक्षा टायर पॉलिशमधून जास्त येतं. गाडी धुणारा पोरगा प्रेमाने टायर काळाकुट्ट चमकवून देतो. कारच्या टायरवर ते बाजूच्या भिंतीपुरतं राहतं. दुचाकीच्या टायरची पाठ गोल असते, भिंत संपून चालण्याचा भाग कुठे सुरू होतो हे त्या पोराला ठाऊक नसतं, कापड फिरतं आणि कड चमकते. सिलिकॉन साबणाला आणि अल्कोहोलला सहज दाद देत नाही. इथे ब्रेक क्लीनरचं कापड आणि नंतर खरखरीत पॉलिश पेपरचा हलका हात, एवढाच मार्ग मला माहीत आहे. पॉलिश पेपर मात्र तेल निघाल्यानंतर. आधी घासलं तर तेल ओरखड्यांत भरतं.

एक सूचना कितीही वेळा लिहिली तरी कमीच. मागचा टायर पुसायला इंजिन चालू करून, गाडी गिअरमध्ये टाकून, फिरत्या चाकावर कापड धरणारे लोक मी पाहिले आहेत. चेन आणि स्प्रॉकेट यांच्यामध्ये कापड ओढलं जातं आणि कापडामागून बोटं जातात. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, किल्ली खिशात, चाक हाताने फिरवायचं. गाडी उभी करून चाक जागच्या जागी गरगर फिरवत टायर ‘जाळून’ साफ करणारेही आहेत; त्यातून धूर निघतो, उरलेलं तेल पट्टाभर समान पसरतं, आणि कड होती तशीच राहते.

टायर साफ झाला की लोक थांबतात, पण जो फवारा टायरवर उडाला तो डिस्कवरही उडालेला असतो. डिस्क हे ब्रेक क्लीनरचं घरच. तिथे सढळ हाताने वापरावा. पॅडवर तेल गेलं असेल तर मी मन घट्ट करून नवे पॅड टाकतो. पॅड सच्छिद्र असतात, वरून स्वच्छ दिसले तरी गरम झाल्यावर आतलं तेल बाहेर येतं. ड्रम ब्रेकवाल्यांना इथे थोडा दिलासा आहे, सगळं झाकलेलं असतं. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा) सक्तीचं झालं, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की निसरड्या टायरचा प्रश्न यंत्रानेच सोडवला. एबीएस चाक अडकू देत नाही. असलेली पकड ते जपून वापरतं, नसलेली आणणार कुठून? आणि वळणात कललेल्या गाडीची कड सुटते तेव्हा साध्या एबीएसला मध्ये पडायला वावही नसतो.

साफ झालं की नाही हे ओळखायचं कसं? पाण्याचे थेंब गोळा होतात की पसरतात ही कसोटी लोखंडी डिस्कवर उत्तम चालते: स्वच्छ धातूवर पाण्याचा सलग पापुद्रा धरतो, तेलकट जागी तो फाटतो. टायरवर ती फसवते, कारण स्वच्छ रबरही पाण्याला फारसं जवळ करत नाही. मी पांढरा टिश्यू पेपर कडेवर दाबून घासतो. काळं येणारच, ते कार्बन आहे, त्याला घाबरू नये. कागद उजेडात धरायचा. भज्यांच्या पुडीसारखा पारदर्शक डाग दिसला तर अजून तेल आहे. खडूची पूड भुरभुरून फुंकर मारणं हाही चांगला उपाय. तेल असेल तिथे ती ओली, गडद होऊन बसते.

त्यानंतरचे पहिले काही किलोमीटर नव्या टायरसारखे चालवायचे. कारखान्यातून आलेल्या टायरवरही साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या रसायनाचा अंश आणि गुळगुळीतपणा असतो, म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर जपून चालवा असं सांगतात. इथे इतकं लागत नाही. कोरडा, ओळखीचा, रिकामा रस्ता घ्यावा, आधी सरळ रेषेत हळूहळू ब्रेक लावून पाहावेत, मग वळण थोडं थोडं वाढवावं. पहिल्या पावसाचा दिवस यासाठी निवडू नये. त्या दिवशी रस्त्यावरच आठ महिन्यांचं ऑइल तरंगत असतं, मग दोष टायरचा की डांबराचा ते कळत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. या शेवटच्या गोष्टीत मी दोनदा फसलो. मी टायर छान धुतला होता, पण स्पोक आणि रिम तेलातच होते, कारण त्यांना तेल हवंच होतं. चाक फिरलं की ते तेल बाहेरच्या दिशेने सरकतं. हबवरून स्पोकवर, स्पोकवरून निपलपाशी, तिथून रिमच्या ओठावर, ओठावरून टायरच्या भिंतीवर आणि भिंतीवरून कडेवर. मे महिन्याचं ऊन त्याला आणखी पातळ करतं. म्हणजे टायर साफ करणं हे काम टायरवर सुरू होत नाही. रिमवर जास्त झालेलं तेल पुसून घेतलं नाही, तर आपण धुतो आणि चाक परत माखतं. चेनला जास्त वंगण मारणाऱ्यांची हीच कथा. त्यांच्या टायरची फक्त चेनकडची बाजू तेलकट असते, म्हणून गाडी एका बाजूच्या वळणावर भरवशाची आणि दुसऱ्या बाजूच्या वळणावर दगाबाज होते.

वॉशिंग सेंटरच्या काळ्या ऑइलबद्दल माझं मत या सगळ्यात कडक आहे. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जळणाचे आम्लधर्मी अवशेष असतात, धातूचा चुरा असतो, कातडीला घातक असे घटक असतात. गंज थांबवायला घेतलेल्या तेलात आम्ल असावं हा विनोदच. शिवाय फवारणारा माणूस उघड्या हातांनी दिवसभर त्यात असतो, आणि धुतलेलं पाणी मागच्या गटारातून ओढ्याला जातं. फुकट मिळतं म्हणून ते चालू आहे, याहून दुसरं समर्थन मी ऐकलेलं नाही. चांगला डबा महाग वाटतो खरा. पण तो चाकाजवळ फवारायचाच नसतो. एका वाटीत थोडा काढावा, जुन्या टूथब्रशने स्पोकला आणि बोल्टांना लावावा, रात्रभर मुरू द्यावा, सकाळी जास्तीचा पुसून घ्यावा. एक डबा दोन पावसाळे जातो.

फवारायचाच झाला तर वारा पाहावा आणि टायर, डिस्क झाकून घ्यावेत. मी वर्तमानपत्राचे चार कागद टायरवर पसरून दोऱ्याने बांधतो. गेल्या मे महिन्यात काम झाल्यावर ते कागद सोडले आणि सहज उजेडात धरले. रिमच्या बाजूने कागदावर चंद्रकोरीसारखा पारदर्शक डाग उमटला होता, बोटभर रुंद, बरोबर टायरच्या कडेच्या जागी. मी फवारताना नळी तिकडे एकदाही वळवली नव्हती.